प्रभाताईंची रोजची चूक

ब्रेमसाहेबांनी नीलिमाला केबिनमध्ये बोलावलं तेव्हा तिला वाटलं, झालं, आता हातात नारळ मिळणार. जर्मनीत एर्लांगेनला येऊन तिला तीनच महिने झाले होते. प्रोबेत्साइट, म्हणजे कारण न सांगता माणसाला घरी पाठवता येतं तो सहा महिन्यांचा काळ, अजून अर्धा उरला होता. तिचा नवरा देवदत्त पुण्यातली नोकरी सोडून तिच्या मागे आला होता आणि रोज सकाळी जर्मनच्या क्लासला जात होता. त्याचा व्हिसा तिच्या नोकरीवर होता. म्हणजे नोकरी गेली तर दोघांनी बॅगा भरायच्या.

पण ब्रेमसाहेबांनी नुसता कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडे फिरवला. "तुम्ही तरुण आहात, तुम्हाला फेसबुक येतं," ते म्हणाले. "ही भिंत आता तुम्ही सांभाळा."

भिंत म्हणजे कंपनीची स्वतःची, फेसबुकासारखी जागा. २०१५च्या जानेवारीत ती सुरू झाली. टीममधल्या चौदा जणांनी एकमेकांना कामाचं काही सांगावं, फोटो टाकावेत, अंगठे द्यावेत, अशी वरच्यांची इच्छा. बेट्रीब्सराट, म्हणजे कामगारांनी निवडून दिलेलं मंडळ, त्याआधी नऊ महिने या भिंतीवर खल करत बसलं होतं. शेवटी तीन कलमं ठरली. संध्याकाळी सहानंतर कुणी लिहायचं नाही. कुणाला किती अंगठे मिळाले हे साहेबांनी मोजायचं नाही. आणि लिहायची सक्ती कुणावर नाही. यातलं तिसरं कलम टीमनं इतकं मनापासून पाळलं की महिनाभर भिंतीवर कॅन्टीनचा मेनू आणि ब्रेमसाहेबांच्या वीकेंडच्या शुभेच्छा याशिवाय काही दिसलं नाही.

नीलिमानं कंबर कसली. केकचा फोटो टाकला. शाळेच्या फळ्यावर असायचा तसा सुविचार जर्मनमध्ये करून टाकला. त्याला दोन अंगठे मिळाले, एक साहेबांचा आणि एक तिनं चुकून स्वतःच दिलेला.

खरं तर या लोकांना एकमेकांशी बोलायची गरज होती. स्कॅनरमध्ये रुग्णाला आत सरकवणारी टेबलं ही कंपनी बनवायची. वरच्या मजल्यावर साहेब आणि नीलिमा धरून पाच इंजिनियर, खाली हॉलमध्ये जोडणी करणारे नऊ जण, तेही दोन पाळ्यांत. वरचे खाली जात नसत आणि सकाळचे दुपारच्यांना भेटत नसत. नीलिमा तपासणीचे तक्ते लिहायची, पण ते वापरणाऱ्या माणसांतल्या निम्म्यांची नावं तिला माहीत नव्हती.

प्रभाताई मात्र माहीत होत्या. पहिल्याच आठवड्यात हॉलमध्ये फिरताना नीलिमाचा पाय केबलमध्ये अडकला आणि तोंडून "अगं आई" निघालं. तेव्हा एका टेबलाखालून आवाज आला, "लागलं काय गं? नसंल लागलं तर तो पाना दे इकडं." वाकून बघते तर पाठीवर झोपून काम करणाऱ्या पंचावन्न वर्षांच्या बाई, केस आखूड, नाकावर चष्मा आणि छातीवर नावाची पट्टी: लिंडनर.

प्रभाताई सांगलीच्या. वडील साखर कारखान्यात मुख्य फिटर. तिथं टर्बाइन बसवायला रायनर लिंडनर नावाचा जर्मन आठ महिन्यांसाठी आला आणि परत जाताना मुख्य फिटरची मुलगी घेऊन गेला. त्याला आता सत्तावीस वर्षं झाली. गावात त्यावरून काय काय बोललं गेलं असेल ते आपण सोडून देऊ. रायनर आता निवृत्त झाले आहेत, त्यांना मराठी सगळं कळतं आणि ते उत्तर जर्मनमध्ये देतात. प्रभाताई १९९१ साली या हॉलमध्ये लागल्या त्या अजून तिथंच. चोवीस वर्षांत बढती नाही, भाषण नाही, फोटो नाही. काकू म्हटलेलं त्यांना चालत नसे. "कामावर ताई म्हणायचं. काकू घरी आल्यावर," असा नियमच होता.

फेब्रुवारीत एके दिवशी नीलिमा त्यांच्यापाशी जाऊन बसली आणि काकुळतीला येऊन म्हणाली, "ताई, तुम्ही तरी लिहा हो भिंतीवर काहीतरी."

"मी काय लिहू?"

"काहीही. आजच्या कामातलं."

त्या दिवशी पाळी संपताना प्रभाताईंनी हॉलमधल्या कॉम्प्युटरवर एका बोटानं टाइप करून लिहिलं: आज तिसऱ्या टेबलाचा उजवा कनेक्टर मी उलटा बसवला. चाचणीत कळलं. पाऊण तास गेला. कडेला लाल पट्टी मारली तर परत होणार नाही. प्रभा.

नीलिमानं ते वाचलं आणि ती जिना उतरून धावतच खाली आली. प्रभाताई हात धूत होत्या.

"ताई, ते काढून टाका आधी."

"का? जर्मन चुकलं होय?"

"जर्मन नाही हो. पण साहेब वाचतात. त्यांच्या वरचेही वाचतात. हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण झालं." प्रभाताई शांतपणे हात पुसत राहिल्या, तेव्हा तिनं घरचंच शस्त्र काढलं. "झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आमची आई म्हणते."

"आमची पण म्हणायची," प्रभाताई म्हणाल्या. "पण ती काय टेबलं जोडत नव्हती. आल्झो, तर मग सांग, मी किती शहाणी हे लिहून कुणाचा काय फायदा? माझी चूक कळली तर दुपारच्या पाळीत येतो त्या ऊवेचा उद्याचा पाऊण तास तरी टळेल की."

मग त्यांनी वेर्नरची गोष्ट सांगितली. वेर्नर म्हणजे त्यांचा पहिला फोरमन. रोज सकाळी कॉफीच्या मशीनपाशी सगळे जमले की तो एकच प्रश्न विचारायचा, काल काय बिघडलं? प्रत्येकानं एक गोष्ट सांगायची. तो रागवायचा नाही, हसायचाही नाही, "गुट", म्हणजे "बरं", एवढं म्हणून पुढच्याकडे बघायचा. पुढे वेर्नर निवृत्त झाला, कॉफीचं मशीन वरच्या मजल्यावर गेलं, पाळ्या दोन झाल्या आणि तो प्रश्न विचारणारं कुणी उरलं नाही. "तू लिही म्हणालीस," प्रभाताई म्हणाल्या, "म्हणून वेर्नरला सांगितलं असतं ते लिहिलं."

नीलिमाला हे पटलं नाही. ती ज्या शाळेत आणि ज्या कॉलेजात शिकली तिथं चूक ही पाठीमागे लपवायची वस्तू होती. परीक्षेत खोडलेलं उत्तरसुद्धा मुली हातानं झाकून ठेवत. भरल्या सभेत स्वतःहून उभं राहून माझं चुकलं म्हणणारं माणूस तिनं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

दोन दिवस त्या मजकुराला एकही अंगठा मिळाला नाही. चुकीला अंगठा तरी कसा द्यायचा, हाही प्रश्नच होता. प्रभाताईंनी मात्र दुसऱ्या दिवशी दुसरी चूक लिहिली आणि तिसऱ्या दिवशी तिसरी. चौथ्या दिवशी दुपारच्या पाळीतल्या ऊवेनं त्यांच्या पहिल्या चुकीखाली दोन शब्द टाकले: मीसुद्धा. मंगळवारी. हा ऊवे म्हणजे सहा फूट दोन इंचांचा माणूस. त्याच्या तोंडून आठवड्याला एक वाक्य निघालं तरी हॉलमध्ये लोक वर बघत. त्यानंतर आणखी एकानं लिहिलं, मग आणखी एकानं. पंधरा दिवसांत हॉलमधल्या सगळ्या टेबलांच्या उजव्या कनेक्टरला लाल पट्ट्या आल्या, आणि त्या कुणी मारायला सांगितल्या नव्हत्या. ब्रेमसाहेबांनी एका पट्टीवरून बोट फिरवून पाहिलं आणि ते वर गेले.

मार्चच्या सुरुवातीला नीलिमानं सहज विचारलं, "ताई, इतक्या चुका आठवतात कशा तुम्हाला?"

"आठवत कशाला बसू? लिहिलेल्या आहेत."

दुसऱ्या दिवशी त्यांनी बुटांचं एक खोकं आणून तिच्यापुढे ठेवलं. आत खिशात मावतील अशी कॅलेंडरं होती, इथल्या बँका नव्या वर्षाला फुकट वाटतात तसली. १९९१ पासून २०१४ पर्यंतची चोवीस. कामाच्या प्रत्येक तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरात एक किंवा दोन ओळी, आणि सगळं मराठीत.

"मराठीत का?"

"पहिल्या वर्षी मला जर्मन कुठं येत होतं? उद्या वेर्नरला काय सांगायचं ते आदल्या संध्याकाळी मराठीत लिहायची, मग रायनरकडून जर्मन करून घ्यायची आणि पाठ करून यायची. नंतर सवयच लागली. वेर्नर गेला तरी हात लिहीतच राहिला."

नीलिमा पानं उलटू लागली. ब्रेक सैल राहिला. दोन स्क्रू जास्त आवळले. नव्या मुलीला घाईत उलट बोलले. वायर कापताना लक्ष खिडकीकडे. चोवीस वर्षं रोज, चार हजारांवर चुका, आणि एकही अक्षर खोडलेलं नाही. ती ज्यांना गेले पाच महिने एक साधी प्रेमळ बाई समजत होती त्यांच्यापुढे बसून तिला एकदम भीतीच वाटली, गाभाऱ्यात उभं राहिल्यावर वाटते तशी. हा एवढा ऐवज इतकी वर्षं या इमारतीत ये-जा करत होता आणि तो वाचू शकणारं माणूसच इथं नव्हतं. आता होतं.

भिंतीसाठी तिनं ती कॅलेंडरं जर्मनमध्ये आणायचं ठरवलं. प्रभाताईंना जर्मन लिहायला वेळ लागायचा आणि जुन्या चुकांतलं शहाणपण आजही उपयोगाचं होतं. ब्रेमसाहेबांनी होकार दिला. जेवणाच्या सुट्टीत रोज थोडं थोडं, अशी पहिली दोन तिनं हातात घेतली, १९९१चं आणि १९९२चं. पुढची क्रमानंच घ्यायची असं काही नव्हतं, हाताला येतील तशी.

आणि नेमकी त्याच सुमारास, एका सोमवारी, नीलिमाला स्वतःची चूक सापडली.

नव्या टेबलाचा तपासणीचा तक्ता तिनं लिहिला होता. वीज गेली तर टेबल वरच्या माणसासकट जागच्या जागी थांबलं पाहिजे, खाली बसता कामा नये. त्यासाठी टेबलावर लोखंडी वजनं ठेवायची, वीज तोडायची, दहा मिनिटं थांबायचं आणि टेबल किती खचलं ते मोजायचं. जुन्या टेबलाला वजन एकशे पस्तीस किलो. नवं टेबल जाड रुग्णांसाठी बनवलेलं, त्याला दोनशे. नीलिमानं जुना तक्ता समोर ठेवून नवा केला होता आणि चौथ्या पानावर एकशे पस्तीस तसंच राहिलं होतं. कुठले आकडे बदलायचे याची तिला तेव्हाच शंका होती. पण विचारलं तर येत नाही असं कळेल, म्हणून तिनं विचारलं नव्हतं. त्या तक्त्यावर अकरा टेबलं पास झाली होती. ती खोक्यांत बंद होऊन हॉलच्या दारापाशी उभी होती आणि शुक्रवारी ट्रक येणार होता.

प्रोबेत्साइटचे तीन आठवडे राहिले होते.

तिनं मनात पुष्कळ हिशेब करून पाहिले. ब्रेक चांगल्या कंपनीचे आहेत, दोनशेलाही टिकतीलच. तक्ता गुपचूप सुधारावा, पुढची टेबलं नीट तपासली जातील. या अकरांबद्दल कुणाला कळणार आहे? घरी देवदत्त जेवताना नवीन शिकलेली जर्मन वाक्यं म्हणून दाखवत होता आणि ती मान हलवत होती. तो म्हणाला, "क्लासच्या बाई म्हणाल्या, उन्हाळ्यापर्यंत मला नोकरीची मुलाखत देता येईल." ती म्हणाली, "छान झालं." ताटातली पोळी तिनं तशीच ठेवली.

मंगळवारी कॅन्टीनमध्येही तिनं ताट पुढं सरकवलं. समोर प्रभाताई होत्या. त्यांनी ताटाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत ती एकटीच वर बसली आणि काहीतरी करायचं म्हणून खोक्यातून एक कॅलेंडर काढलं. ते १९९६चं निघालं. तिनं ते मेमध्ये उघडलं.

सात मे. आज पाळी संपल्यावर डब्यात एक क्लिप उरली. कुठल्या टेबलाची कळत नाही. सांगितलं नाही.

आठ मे. आजही सांगितलं नाही.

नऊ मे. आजही सांगितलं नाही.

नीलिमा पान उलटत गेली. शनिवार-रविवारच्या रिकाम्या चौकोनांतही तेच होतं, कारण ते ओझं सुट्टी घेत नव्हतं. एका दिवशी लिहिलं होतं, वेर्नरला खोटं सांगितलं, कप फुटला म्हणून. आजही सांगितलं नाही. दुसऱ्या एका दिवशी नुसतं, रायनर विचारतो काय झालं. आजही नाही. असे एकोणीस दिवस. मग सव्वीस मे, रविवार. वेर्नरच्या घरी जाऊन सांगितलं. तो "गुट" म्हणाला. आणि त्यानंतरच्या आठवड्यात, नऊ टेबलं बाहेर गेली होती. वेर्नर स्वतः गाडी घेऊन गेला. हॅनोव्हरच्या टेबलात क्लिपची रिकामी जागा सापडली. त्यावर कुणी झोपायच्या आत.

नीलिमानं कॅलेंडर मिटलं. चोवीस वर्षं एकही चूक न लपवणाऱ्या बाईनं एकोणीस दिवस लपवली होती, आणि तेही लिहून ठेवलं होतं. तिला आता प्रभाताई थोर वाटत होत्या म्हणून नव्हे, तर त्यांना तिच्याइतकीच भीती वाटली होती म्हणून, आपणही सांगू शकू असं वाटलं.

तिनं भिंत उघडली. नवीन टेबलाच्या तक्त्यात चौथ्या पानावर मी वजन १३५ लिहिलं आहे. ते २०० हवं. शंका होती, पण मी विचारलं नाही. सोमवारी कळलं, तरी आजपर्यंत सांगितलं नाही. अकरा टेबलं चुकीच्या वजनावर पास झाली आहेत. ती पाठवू नका. नीलिमा.

बटण दाबल्यावर ती तशीच बसून राहिली. पाच मिनिटं काही झालं नाही. मग शेजारच्या केबिनमधली खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. ब्रेमसाहेब दारात आले. त्यांनी कोट काढून तिच्या खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि बाह्या वर करत म्हणाले, "अकरा. चला, उघडू या."

ती खाली पोचेपर्यंत ऊवेनं पहिल्या खोक्याच्या पट्ट्या कापल्या होत्या. त्या दिवशी सकाळची पाळी घरी गेली नाही आणि दुपारची वेळेआधी आली. वरचे पाचही इंजिनियर खाली होते, त्यातल्या दोघांनी तो हॉल पहिल्यांदाच पाहिला असावा. कुणी नीलिमाला एक शब्द विचारला नाही. वजनं वाहून आणताना प्रभाताई तिच्याजवळून गेल्या आणि हळूच म्हणाल्या, "दोनच दिवस? मला एकोणीस लागले होते."

एकेक टेबल दोनशे किलोंवर उभं राहिलं. पहिलं टिकलं, दुसरं टिकलं. सहा टिकली तेव्हा नीलिमाला वाटलं, उगाच सगळ्यांना कामाला लावलं. आठव्या टेबलाची वीज तोडली. एक मिनिट झालं, दोन झाली. मग कुणी हात न लावता ते टेबल खाली बसू लागलं. आवाज नाही, धक्का नाही. चौदा माणसं भोवती उभी राहून बघत होती आणि ते लोखंड लादलेलं टेबल सावकाश, बोटभर, दोन बोटं, वीतभर खचत गेलं. ऊवेनं डोक्यावरची टोपी काढली. त्या वजनांच्या जागी माणूस असता हे कुणाला सांगायची गरज नव्हती. पाचला शेवटचं टेबल तपासून झालं, तेव्हा अकरांतलं तसं ते एकच निघालं.

वजनं जागेवर लावून पावणेसहाला नीलिमा वर आली, कोट ब्रेमसाहेबांना द्यायचा होता. जाता जाता तिनं भिंत उघडली, कारण सहानंतर कुणाला लिहिता येत नव्हतं आणि जे काय तिच्याबद्दल लिहिलं असेल ते तिला आजच वाचून टाकायचं होतं.

सगळ्यात वर ब्रेमसाहेब होते: तक्त्यावर माझी सही आहे. मी पहिली दोन पानं वाचली. ब्रेम. त्याखाली ऊवे: जुनी वजनं मी अकरा वेळा उचलली. हलकी वाटली. वरच्यांना ठाऊक असेल म्हणालो. त्याखाली आणखी एक, त्याखाली आणखी एक, कुणी पान चार पाहिलं नव्हतं, कुणी पाहून गप्प बसलं होतं. बेट्रीब्सराटनं नऊ महिने खल करून ज्या भिंतीवर लिहायची सक्ती नको म्हटलं होतं, तिच्यावर तेरा माणसांनी पाऊण तासात आपापली चूक लिहून ठेवली होती. नीलिमा उभ्याउभ्या वाचत राहिली. तेरावी चूक प्रभाताईंची होती: नीलिमा दोन दिवस जेवत नव्हती. मला दिसलं. मी विचारलं नाही. प्रभा.

त्या ओळीपाशी मात्र तिला रडू आलं.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ब्रेमसाहेबांनी तिला पुन्हा केबिनमध्ये बोलावलं. प्रोबेत्साइटचा शेवटचा दिवस होता. देवदत्तला तिनं सकाळी सगळं सांगून ठेवलं होतं आणि तो म्हणाला होता, बॅगा माळ्यावर आहेत, काढायला दहा मिनिटं लागतात. साहेबांच्या टेबलावर तिची फाइल होती. त्यांनी ती उघडली नाही.

"फ्राऊ लिंडनरची कॅलेंडरं," ते म्हणाले. "किती झाली?"

"दोन."

"एकूण?"

"चोवीस."

"आल्झो, बावीस राहिली." त्यांनी फाइल ड्रॉवरमध्ये टाकली आणि ड्रॉवर लावून घेतला. "दोनाला तुम्हाला तीन आठवडे लागले. बावीस व्हायला हे वर्ष तरी जाईल. आणि ती वाचणारं इथं दुसरं कुणी नाही. मग कुठं जाणार आहात तुम्ही?"

नीलिमा जिना उतरून हॉलमध्ये आली. प्रभाताई एका टेबलाखाली पाठीवर झोपून काम करत होत्या, नुसते बूट दिसत होते. ती शेजारी जमिनीवर बसली.

"आलीस होय," खालून आवाज आला. "तो पाना दे इकडं."

तिनं पाना दिला.